क्लचच्या वायरीतलं तेल

सत्यशीलाला गाडी चालवता येत नव्हती, पण गाडीचं दुखणं तिला कळायचं. मुलगा प्रफुल हैदराबादेला बांधकामावर गेला, जाताना मोटरसायकल बायकोच्या, म्हणजे रंजीताच्या, हवाली करून गेला. गाडी सुनेकडे गेली आणि गाडीचे नखरे सासूकडे आले. गावात मिस्त्री नाही. गोंडपिपरीच्या मिस्त्रीपुढे सत्यशीला दोनचारदा पोत्यावर बसून राहिली होती, त्याचे हात काय करतात ते बघत. तो म्हणायचा, "मावशी, तुमी चाय घेऊन या, वेळ लागन." ती म्हणायची, "मले वेळच हाय, तू हात चालव." त्या बघण्यातून ती प्लग साफ करायला शिकली, चेन ताणायला शिकली, ब्रेक कसायला शिकली. गावातल्या बाया हसायच्या. "सून गाडीवर आन् सासू गाडीखाली!"

या खेपेला अडचण क्लचची होती.

"आत्याबाई, दांडी दाबता दाबता हात भरून येते," रंजीता म्हणाली. "न्यूट्रल बी लागत नाई. थांबलो का गाडी झटके देते."

रंजीता चौदा किलोमीटरवरच्या आश्रमशाळेत स्वयंपाकाला होती. मुलांचा नाश्ता सात वाजता, म्हणून ती पावणेसहाला निघायची. पहिली बस आठची. वाटेतलं सहा किलोमीटर निव्वळ जंगल, आणि दिवाळीपासून त्या जंगलात तलावाच्या अंगाला एक वाघीण दोन पिलं घेऊन राहिलेली. सत्यशीला तिला वाघीण म्हणत नसे. सकाळच्या पारी नाव घेऊ नये म्हणून 'ते जनावर' म्हणायची. वनरक्षक, गावाच्या बोलीत नाकेदार, सांगून गेला होता, ऊन पडल्याशिवाय निघू नका, एकटं निघू नका. त्याचं खरंच होतं. पण नव्वद पोरांच्या पोटाला ते कोण सांगणार?

म्हणून काल दुपारी, पौषातल्या कोवळ्या उन्हात, सत्यशीलानं अंगणात गाडी उभी केली आणि पदर खोचला. पान्यानं नट सैल केला. दांडीतून वायरीचं टोक काढलं. प्लास्टिकच्या पिशवीचा कोन करून वायरीच्या तोंडाला दोऱ्यानं बांधला. आता यात तेल सोडायचं, थेंब थेंब, आणि आतली तार वरखाली ओढत राहायची. मशीनचं तेल मात्र संपलेलं. घरात टोरीचं होतं, मोहाच्या बियांचं, घाण्यावरून काढून आणलेलं. तिच्या बापानं बैलबंडीच्या आसाला जन्मभर हेच तेल घातलं. बिजागरीला हेच, बैलाच्या खांद्याला हेच, म्हाताऱ्यांच्या गुडघ्याला हेच. मग मोटरसायकलनंच काय पाप केलं होतं?

बाटली उन्हात होती, तेल पाण्यासारखं पातळ. वायरीच्या खालच्या टोकातून आधी काळी घाण आली, मग गंज, मग स्वच्छ पिवळं तेल. तिनं टोक परत दांडीत बसवलं. दांडीला ढील किती ठेवायची? तर धानाचा एक दाणा आडवा मावेल एवढी. तेवढी ठेवून नट कसला.

रंजीता गावाला एक चक्कर मारून आली. "मक्खन, आत्याबाई! एका बोटानं दबते."

संध्याकाळपर्यंत सत्यशीलानं ही गोष्ट प्रफुलला फोनवर सांगितली, शेजारच्या सोमाजीभाऊंना सांगितली, आणि सोमाजीभाऊंना आणखी एकदा सांगितली.

रात्री गाडी नेहमीसारखी चुलीच्या खोलीत होती. सकाळी रंजीतानं स्वेटरवर रुमाल बांधला, किक मारली, दांडी दाबली. दबली.

"हार्न वाजवत जाजो," सत्यशीला म्हणाली.

"हाव, आत्याबाई. रोजचंच हाय."

लाल दिवा वळणाआड गेला. बाहेर धुकं असं होतं की कुंपणाचे बांबूसुद्धा मोजता येत नव्हते. सत्यशीला चुलीपाशी येऊन बसली. गुडघे ठणकत होते. तिनं ओसरीतल्या फळीवरची टोरीच्या तेलाची बाटली घेतली आणि तळहातावर उलटी केली.

तेल आलं नाही.

तिनं बाटली हलवली. आत काही हललं नाही. उजेडात धरली तर सगळं तेल पांढरं, चरबीसारखं थिजलेलं.

यात नवल काहीच नव्हतं. दर हिवाळ्यात टोरीचं तेल थिजतं. पोरीसोरींनाही माहीत असतं, म्हणून बाया बाटली निखाऱ्यापाशी ठेवतात. सत्यशीलाला जन्मापासून माहीत होतं, आणि काल दुपारी तिला आठवलं नव्हतं. बापाच्या बंडीचा आस घासून घासून आपोआप तापायचा. वायर तापत नाही. वायर तर सगळ्यात पुढे, हँडलपाशी, गार वाऱ्याच्या तोंडात. चुलीच्या उबेत रात्रभर मऊ राहिलेलं तेल दोनचार किलोमीटरवर घट्ट होणार. दांडी आत जाईल आणि बाहेर येणार नाही. इंजिन ओरडेल आणि चाक फिरणार नाही. आणि दोनचार किलोमीटरवर काय आहे? तर तलाव.

तिनं रंजीताचा नंबर काढला.

फोन लावला. लागला नाही. जंगलात कधीच लागत नाही, तरी तिनं तीनदा लावला. मग चुलीवरचं उकळतं पाणी किटलीत ओतलं, झाकण लावलं, किटलीला जुन्या लुगड्याचा तुकडा गुंडाळला आणि ती सोमाजीभाऊंच्या दारात गेली. सोमाजीभाऊ साठीचे, बायको गेल्यापासून एकटेच. अंगणात शेकोटीपाशी बसले होते.

"भाऊजी, लुना काढा."

"काऊन? कोण मेलं?"

"मरायच्या आत काढा."

तिनं दोन वाक्यांत सांगितलं. सोमाजीभाऊंनी आधी तिच्याकडे, मग किटलीकडे, मग रस्त्याकडे पाहिलं. "उजाड तं होऊ द्या, वहिनी. नाकेदारानं का सांगलं?"

"तुमी नका येऊ. लुना द्या."

"तुमाले चालवता कुठी येते?"

"म्हणूनच म्हणतो, काढा."

सोमाजीभाऊंनी शेकोटीतली एक काडी उगाच आत सारली. मग उठले. कानटोपी खाली ओढली आणि लुना अंगणाबाहेर काढली.

लुना चालली म्हणजे चाललीच. माणूस उतरून सोबत चालू शकला असता. सत्यशीला मागे बसून किटली दोन्ही हातांनी धरून होती. गाव मागे पडलं, शेतं मागे पडली, आणि दोन्ही बाजूंनी साग आणि बांबू एकदम जवळ आले.

"वहिनी, माह्या पाठीले चटके बसून राह्यले."

"बसू द्या. चटका बसते तवर पाणी गरम हाय."

धुक्यात रस्ता दहाबारा हातांपुढे दिसत नव्हता. बांबूच्या पानांवरून दव गळत होतं, टप, टप, आणि प्रत्येक टपवर सत्यशीलाची मान वळत होती. ती रस्त्याच्या कडा बघत होती. काय बघतेय हे तिनं स्वतःला विचारलं नाही. रुमाल, चप्पल, डबा, असलं काही दिसू नये म्हणून ती बघत होती.

तिसऱ्या किलोमीटरच्या दगडापाशी आवाज आला. दूरवर इंजिन रडत होतं. पूर्ण रेस, एकसारखी, आणि आवाज जवळ येत नव्हता, दूरही जात नव्हता.

"तेच," ती म्हणाली. "चाक फिरत नाई तिचं."

आणि आवाज बंद झाला.

जंगल इतकं गप्प झालं की लुनाची फटफट लाज वाटावी अशी ऐकू येऊ लागली. सत्यशीलाच्या मनात एकच होतं: मी केलं. माझ्या हातानं केलं. पोरगी मक्खन म्हणाली, आणि मी गावभर सांगत फिरले. प्रफुलला काय सांगू? तेल घातलं म्हणून सांगू?

मग आवाज पुन्हा सुरू झाला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते गालावर गार झालं.

रपटा, म्हणजे नाल्यावरचा बुटका पूल, ओलांडला की चढ आहे. तिथं धुकं विरळ होतं, उजाडायलाही लागलं होतं. चढावर रंजीता गाडीवर बसलेली दिसली, पाठमोरी, दोन्ही पाय जमिनीला टेकलेले. मान ताठ. उजवा हात रेस पिळून धरलेला. सोमाजीभाऊंनी ब्रेक दाबला.

"वहिनी," ते श्वासातल्या श्वासात म्हणाले, "समोर पाहा."

रंजीताच्या पुढे पन्नासएक पावलांवर, रस्त्याच्या मधोमध, घरची गाय बसावी तशी वाघीण बसली होती.

"उतरू नका, वहिनी. तुमाले माह्या गळ्याची आन हाय."

सत्यशीला उतरली. "तुमी हार्न वाजवत राहा. थांबू नका."

लुनाचा हार्न म्हणजे पिपाणी. पण सोमाजीभाऊंनी वाजवला, आणि दुसऱ्या हातानं मडगार्डवर थापा मारू लागले. सत्यशीला चालली. पळायचं नाही, वाकायचं नाही, पाठ दाखवायची नाही. हे सगळं तिला लहानपणापासून पाठ होतं, पण पायांना ते पहिल्यांदाच सांगावं लागत होतं. रंजीतापर्यंत तीस पावलं. किटलीचं झाकण खुळखुळत होतं, म्हणून तिनं ते अंगठ्यानं दाबून धरलं. अंगठा भाजला. दाबूनच ठेवला.

"रंजी, मी हावो."

रंजीतानं मान वळवली नाही. "आत्याबाई, वापस जा."

"रेस सोडू नको."

"एक बार बंद पडली गाडी. तवा ते उभं झालं होतं. किक मारलो तं बसलं." तिची नजर समोरून हटत नव्हती. "सरकतच नाई गाडी. दांडी आतच बसली."

डावी दांडी हँडलला चिकटून होती. सत्यशीलानं किटली तिरपी केली, आणि तिचा हात अधांतरी थांबला.

तेल वितळलं की दांडी सुटणार. दांडी सुटली की क्लच धरणार. रेस पूर्ण आहे. म्हणजे गाडी सुसाट सुटेल, आणि सुटेल ती समोरच.

"गेर कितवा हाय?"

"पयला."

"आधी न्यूट्रल कर. रेस तशीच ठेव."

"पाय उचलत नाई, आत्याबाई."

सत्यशीलानं तिच्या मांडीवर हात ठेवला. मांडी शिवणयंत्रासारखी थरथरत होती. "हळू. गेर अर्धाच उचल. टाच राहू दे, बोटं उचल."

पहिल्या खेपेला नाही. दुसऱ्या खेपेला नाही. तिसऱ्यांदा मीटरवर न्यूट्रलचा हिरवा दिवा लागला.

सत्यशीलानं वरून वायरीवर पाण्याची बारीक धार धरली. हँडलपासून खाली, टाकीच्या कडेनं, इंजिनपर्यंत, पुन्हा वरून खाली. पांढरी वाफ उठली. वाफ दिसताच वाघीण उठून उभी राहिली.

"आत्याबाई."

"तिच्याकडे मी पाह्यतो. तू दांडीकडे पाह्य."

पण पाहत होत्या दोघीही तिकडेच. वाघिणीची शेपटी एकदा इकडे, एकदा तिकडे झाली. किटली अर्धी रिकामी झाली. दांडी बोटभर बाहेर आली आणि अडली. सत्यशीलानं उरलेलं पाणी दांडीच्या सांध्यावर ओतलं, अर्धं आपल्याच हातावर.

टक्.

दांडी सुटली.

त्याच वेळी उजवीकडचा बांबू हलला. एक पिलू रस्त्यावर आलं, गाडीकडे बघत राहिलं, वाघिणीनं हलकेच हुंकार दिला तसं पळत पलीकडे गेलं. मग दुसरं. मग ती स्वतः, घाई न करता, जणू रस्ता तिच्याच सातबाऱ्यावर होता. बांबू मिटला.

सोमाजीभाऊ अजून हार्न वाजवत होते.

"बस करा, भाऊजी," सत्यशीला ओरडली. "गेलं."

ते लुना ढकलत आले. कानटोपी घामानं भिजलेली. "चला वापस. आजच्या दिवस पोरायनं मुरमुरे खाल्ले तं मरत नाईत."

रंजीतानं रुमालानं तोंड पुसलं. "आता इथून पुढं जेवढं जंगल, मागं बी तेवढंच. मंग वापस काऊन जाऊ? पोरं ताटं घेऊन बसली असतीन." तिनं दांडी दाबून पाहिली. दबली, सुटली. पण सुटली ती किंचित सावकाश. तिच्या ते लक्षात आलं, सत्यशीलाच्याही.

सत्यशीला सुनेच्या मागे बसली. किटलीत पाणी नव्हतं, पण बूड अजून गरम होतं. डावा हात सुनेच्या कमरेवरून पुढे घालून तिनं किटली वायरीला टेकवून धरली. रंजीतानं पहिला टाकला. गाडी निघाली. मागून पिपाणी वाजवत सोमाजीभाऊ.

वाघीण जिथं शिरली होती तो बांबू हाताला लागेल इतक्या जवळून गेला. दोघींनी तिकडे पाहिलं नाही.

जंगल विरळ झालं तेव्हा सत्यशीलानं सुनेच्या कानाशी तोंड नेलं. "रंजी, माही चूक हाय. मशीनचं तेल नोतं. मी वायरीत टोरीचं टाकलं. थंडीनं थिजलं."

"का म्हणता?"

"टोरीचं तेल! मी टाकलं!"

रंजीतानं गाडी हळू केली. "मले माहीत होतं. कालच वास आला हाताले."

"मंग बोलली काऊन नाई?"

"मनात आलं होतं, का थिजन म्हणून. मंग म्हटलं, आत्याबाईनं टाकलं म्हणजे विचार करूनच टाकलं असन."

रस्ता मोकळा झाला होता, दोन्ही बाजूंना कापलेली धानाची शेतं, ऊन पडायला लागलेलं. भ्यायला आता काही उरलं नव्हतं. तरी तिनं किटली वायरीला आणखी घट्ट दाबली.

"पुढच्या बारीनं इचार मले," ती शेवटी म्हणाली. "भांडून इचार."

"हाव," रंजीता म्हणाली, आणि दुसरा गिअर टाकण्याआधी दांडी पूर्ण सुटली का ते तिनं खाली वाकून पाहिलं.