फोटोपुरतं हेल्मेट

मी एक जुनं हेल्मेट आहे. मित्रांनो, मला हात लावलात तर नंतर साबणानं धुवा. स्वतःबद्दल कोणी असं बोलतं का, असं तुम्हाला वाटेल. पण मला आतून सगळ्यात जास्त मीच पाहिलंय, आणि माझं मत पक्कं आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. बाहेरून पिवळं कवच, आत पांढऱ्या फोमची जाड गादी, तिच्यावर काळ्या कापडाचं अस्तर आणि हनुवटीखाली पट्टा. मी चोवीस तासांचा असताना माझ्या एका भावाला उंचावरून लोखंडावर आपटलं. त्याचा फोम दबला, कवचाला तडा गेला आणि सगळ्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मार हेल्मेटनं खाल्ला म्हणजे डोक्याला तो बसला नाही, असा त्यांचा हिशेब. आमच्या घराण्यात याला नाव काढणं म्हणतात.

मग मला भाड्याच्या इलेक्ट्रिक बाईकच्या थांब्यावर पाठवलं. माझी बाईक चौदा नंबरची. तिला सायकलसारखे पॅडल होते आणि उजव्या मुठीत रेस. पॅडल मारा नाहीतर मूठ पिळा, ती पळायची. पुढे एक टोपली. नियम असा की भाडेकरूनं मला डोक्यावर घालून फोनवर स्वतःचा फोटो काढायचा. फोटो गेला की कुलूप उघडायचं. नियम करणारा माणूस फार भोळा असावा.

पहिल्या आठवड्यात माझं कौतुक झालं. "काय चकचकीत आहे हो!" असं लोक म्हणायचे. मग डोकी सुरू झाली.

पहिल्या डोक्याला ताजा कलप होता. ओला. दुसऱ्यानं तेल थापलं होतं, तिसऱ्यानं टाळूला पावडर लावली होती, आणि माझ्या आत या दोघांची कणीक मळली गेली. एका कॉलेजकुमारानं चघळलेलं च्युइंगगम माझ्या कडेला चिकटवलं, नंतर खाऊ म्हणून. तो विसरला. पुढच्या गृहस्थाचे सात केस अजून त्यात आहेत. एकानं मित्राची वाट बघताना माझ्यात नखं कापली. वीसच्या वीस. म्हणजे त्यासाठी त्यानं बूटही काढले. मित्रांनो, मला डोक्यासाठी बनवलं होतं. पायाशी माझा संबंध येईल असं मला कोणी सांगितलं नव्हतं.

मग लोकांना माझी किळस यायला लागली. जणू घाण मी घरून आणली होती! ते मला डोक्याच्या वर वीतभर अंतरावर धरायचे, राजावर छत्र धरतात तसं. फोटो काढायचे आणि मला टोपलीत फेकायचे. टोपलीत माझ्या सोबतीला ओल्या छत्र्या असायच्या, कांदे असायचे. एकदा कोंबडीच्या पिशवीतून माझ्यात काहीतरी गळलं. काय ते मी विचारलं नाही. थांब्याचा राखणदार माणूस तसा सज्जन. महिन्यातून एकदा माझ्यावर गुलाबाच्या वासाचा फवारा मारायचा. त्यामुळे मला गुलाबाच्या वाफ्यात उंदीर मेल्यासारखा वास यायला लागला.

दोन वर्षं अशीच गेली. एवढ्या काळात मी एकही डोकं वाचवलं नाही. एकजण कपाळाला टाके घालून परत आला, मला टोपलीतून उचलून राखणदाराला म्हणाला, "हे हेल्मेट बेकार आहे." त्या वेळी मला तोंड नव्हतं म्हणून, नाहीतर!

आणि एक दिवस दुपारी तीनच्या सुमाराला मावशी आली.

ती माझी मावशी नव्हे. तिच्याबरोबर तिची भाची होती, ती तिला मावशी म्हणत होती, म्हणून मीही म्हणतो. मावशी पन्नाशीची, दात करणारी. म्हणजे घराच्या मागच्या खोलीत बसून ती म्हाताऱ्या माणसांच्या कवळ्या बनवायची. तयार कवळ्या तिचा नवरा स्कूटरवरून दवाखान्यात पोचवायचा, पण त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला. पुलाखालचा रस्ता खोदलेला आणि तिथून फक्त दुचाक्या सोडत होते. मावशीला सायकल येत होती. इलेक्ट्रिक बाईकवर ती आयुष्यात बसली नव्हती.

"मावशी, फोन करून सांग ना, दात उद्या आणते म्हणून," भाची म्हणाली.

"उद्या आणून काय करू? आज सहा वाजता मास्तरांच्या मुलीचा सत्कार आहे. मास्तरांना बोलायचंय. बोळक्या तोंडानं मी तिथे जाणार नाही, असं म्हणून ते दवाखान्यात येऊन बसणार आहेत. पाचच्या आत दात पोचले नाहीत तर ते उठून घरी जातील. हट्टी माणूस आहे."

"तुला कसं माहीत?"

"अगं, त्यांच्या हिरड्यांचं माप मी घेतलंय. माणूस कळतो."

भाचीच्या डाव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर होतं. बाईक शिकवण्याचा तिला किती अनुभव आहे, हे त्यावरून दिसतच होतं. तिनं मला उचललं आणि मावशीपुढे धरलं. मावशी आत डोकावली.

"ईऽऽ! यात काय मेलंय?"

"फोटोपुरतं धर गं. सगळे तसंच करतात."

"हे मी डोक्यावर घालणार नाही."

"दिवसभर लोकांचे जबडे हाताळतेस, आणि तुला याची घाण वाटते?"

"जबडे मी आधी धुते," मावशी म्हणाली.

मला छत्र धरून फोटो झाला. मग मावशीनं पिशवीतून एक डबी काढली. तिच्यात मास्तरांची वरची कवळी होती, ओल्या कापसात गुंडाळलेली. डबी टोपलीत ठेवताना मावशी घुटमळली. "रस्ता खड्ड्यांचा. आदळून फुटली तर?"

भाचीचा चेहरा उजळला. "हेल्मेटमध्ये ठेव! आत गादी आहेच."

आणि मित्रांनो, या दोन शहाण्या बायकांनी डोक्यासाठी बनवलेली गादी दातांना दिली. मावशीनं डबी माझ्यात ठेवली, वरून पट्टाही घट्ट लावला. दोन वर्षांत माझा पट्टा पहिल्यांदा लागला, तो एका कवळीसाठी. मला कोणाचीच किळस यायची बाकी राहिली नव्हती, पण त्या क्षणी एका नव्या किळसेला जागा करावी लागली.

थांब्यामागच्या मोकळ्या आवारात सराव सुरू झाला. "थोडीशीच रेस दे," भाची ओरडली. मावशीनं थोडीशीच दिली. बाईक सुटली. आता एक गोष्ट समजून घ्या. मावशीच्या कामाच्या खोलीत दात घासायचं छोटं मशीन आहे. ते पायानं चालतं. पाय दाबला की पळतं, पाय उचलला की थांबतं. सत्तावीस वर्षं मावशीनं असंच काम केलंय. त्यामुळे बाईक पळाल्यावर तिनं काय केलं? थांबायला पाय उचलले. दोन्ही. बाईक थांबली नाही, कारण मूठ पिळलेलीच होती.

"मावशी, ब्रेक!"

"उचललेत की!" मावशी ओरडली, आणि पाय आणखी वर घेतले.

दोन्ही पाय हवेत धरून मावशी आवारातून गेली. एक मांजर बाजूला झालं, तेही अंग चोरून. शेवटी आम्ही कचराकुंडीवर आपटलो. मी सडक्या टोमॅटोंत उलटा पडलो. मावशी कुंडीच्या कडेवर कपाळ घासून खाली बसली. कपाळावर लाल ओरखडा उठला, बोटभर लांब.

मावशीनं आधी डबी उघडली. दातांना काही झालं नव्हतं.

"बघ! हेल्मेट किती उपयोगी आहे!" भाची म्हणाली.

राखणदार धावत आला होता. तो आधी दातांकडे आणि मग मावशीच्या कपाळाकडे बघून म्हणाला, "बाई, हे फुटले तर तुम्ही दुसरे बनवाल. डोकं बनवता का?"

ओरखड्याला बोट लावून मावशीनं बोटाकडे पाहिलं. मग घड्याळ पाहिलं. पावणेचार. तिनं मला टोमॅटोंतून उचललं, मांडीवर घेतलं आणि पिशवीतून कवळ्या घासायचा ब्रश, स्पिरिटची बाटली आणि एक टोकदार हत्यार काढलं.

त्या हत्यारानं तिनं च्युइंगगम खरवडलं, सात केसांसकट. कानाकोपऱ्यातली नखं काढली. "ही कोणाची रे मेल्याची!" असं म्हणत अस्तर घासलं. तिचं तोंड एकसारखं "ईऽऽ" करत होतं आणि हात एकसारखे काम करत होते. फवारा मारून पळून न जाता माझ्या घाणीकडे नीट बघणारी ती पहिलीच. मला लाज वाटली. तोवर मी समजत होतो की घाणेरडी फक्त डोकी असतात.

मग केसांवर कागदी टोपी चढवून तिनं मला घातलं. कपाळावर, भुवयांच्या जरा वर. पट्टा लावला, दोन बोटं जातील एवढीच जागा ठेवली. दातांची डबी रुमालात गुंडाळून खांद्यावरच्या पिशवीत गेली.

आता राखणदारानं शिकवायला घेतलं, आणि भाचीनं प्लास्टरवर हात ठेवून गप्प बसायचं कबूल केलं. "मुठीला हात लावू नका, पॅडल मारूनच सुरुवात करा. वेग एकवर ठेवा. दोन-दोन बोटं कायम ब्रेकवर, आणि दोन्ही ब्रेक एकदम, हळूहळू दाबा. उतरून ढकलताना बाईक आधी बंद करा, नाहीतर चुकून मूठ पिळली की तुम्हाला ओढत नेईल. उभ्या गाड्यांच्या फार जवळून जाऊ नका, कोणीतरी दार उघडतंच."

मावशीनं आवारात सहा फेऱ्या मारल्या. "पाय नाही, हात. पाय नाही, हात," असं पुटपुटत होती. चौथ्या फेरीला पाय किंचित उचलले गेले, पण थांबली हातानंच. सव्वाचारला आम्ही रस्त्याला लागलो.

मी पहिल्यांदा रस्ता समोरून पाहिला. टोपलीतून आकाशच दिसायचं. मावशीच्या डोक्याला स्पिरिटचा वास होता, आणि घामाचा, तोही भीतीचा. तो सगळ्यात वाईट असतो. पण मी घट्ट धरून बसलो. एका उभ्या गाडीचं दार खरंच उघडलं, मावशी हातभर लांबून गेली. वेग एकच्या वर नेला नाही. मागचे हॉर्न वाजवत होते. "वाजवा, आपल्या बापाचं काय जातंय," मावशी म्हणाली.

पुलाखाली खणलेल्या चरावर लोखंडी पत्रा टाकला होता. त्यावर गटाराचा काळा गाळ. मावशीनं गाळ पाहिला, वेग कमी केला, दोन्ही ब्रेक हळूच दाबले. सगळं बरोबर केलं, मित्रांनो, आणि तरी मागचं चाक सरकलं. आम्ही आडवे झालो. समोर फुटपाथची दगडी कड आली. तिथे मावशीचं कानशील आपटलं असतं, पण मध्ये मी होतो.

कट्ट असा आवाज झाला. माझ्या आतला फोम दबला, कवचाला तडा गेला आणि तड्यातून गटाराचं पाणी आत आलं. आयुष्यातलं एकमेव मोठं काम, आणि तेही गटारात.

चरातला कामगार वर आला. त्यानं मावशीला लगेच उठू दिलं नाही. "बाई, आज वार कोणता?"

"मास्तरांना दात द्यायचा वार," मावशी म्हणाली. मग डोळे मिटून म्हणाली, "गुरुवार."

"गुरुवारच आहे," कामगार म्हणाला. "उठा हळूहळू."

मावशीनं रुमाल सोडला. डबी पिचली होती आणि कवळीचे मधोमध दोन तुकडे झाले होते. ती तुकड्यांकडे बघत राहिली. मग मला डोक्यावरून काढून तिनं माझा तडा पाहिला, आणि आपलं कानशील चाचपलं. तिथे काहीच झालं नव्हतं.

पुन्हा ती बाईकवर बसली नाही. बाईक बंद करून तिनं ती ढकलत नेली. पाचला सात मिनिटं कमी असताना आम्ही दवाखान्यात शिरलो. आमचा वास आमच्या आधी पोचला होता. डॉक्टरांनी नाकाला रुमाल लावला. बाकावर मास्तर टोपी हातात घेऊन उठायच्या तयारीत बसले होते.

"मास्तर, दात मोडलेत," मावशी म्हणाली. "अर्धा तास बसा. जोडून देते."

मास्तरांनी तिच्या अंगावरच्या चिखलाकडे पाहिलं, टोपी बाजूला ठेवली आणि बसले. डॉक्टरांनी मावशीच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली, बोटं मोजायला लावली, मगच तिला मागच्या खोलीत सोडलं. दात जोडायला हात लागतात, असं तुम्ही म्हणाल. पण कुठला तुकडा कुठे लावायचा ते हातांना कोण सांगतं?

पावणेसहाला मास्तरांनी कवळी बसवली, जबडा हलवून पाहिला. तेवढ्यात टेबलावर ठिबकत असलेल्या माझ्याकडे त्यांचं लक्ष गेलं. "शी!" ते म्हणाले.

"वा! 'श' स्वच्छ आला," डॉक्टर म्हणाले. मास्तर ओठांवर हात ठेवून लगबगीनं सत्काराला गेले, आणि मावशी खुर्चीत बसून हसता हसता रडली.

दुसऱ्या दिवशी मावशी आणि भाची मला परत द्यायला आल्या. राखणदारानं तड्यावर बोट फिरवलं. "वरवरचा दिसतोय. स्टिकर लावला की दोन वर्षं आरामात चालेल."

"नाही चालणार," मावशी म्हणाली. "आतली गादी दबलीये. पुढच्याला वाटेल डोक्यावर काहीतरी आहे, आणि असणार काहीच नाही."

"मावशी, जाऊ दे ना, लोक फोटोपुरतंच तर धरतात," भाची म्हणाली.

"एखादी खरंच घालेल." मावशीनं पिशवीतून कात्री काढली आणि माझा पट्टा दोन्ही बाजूंनी मुळापासून कापला. दुखलं नाही. दातांच्या कात्र्या धारदार असतात.

मित्रांनो, तुम्हीही कधी भाड्याची बाईक घ्याल. हेल्मेटची किळस आली तर ते घासा, खाली टोपी घाला, काहीही करा, पण पट्टा लावा. आणि एकदा आपटलेलं हेल्मेट दुसऱ्याच्या डोक्यावर देऊ नका, ते कितीही चकचकीत दिसो.

सध्या मी भंगाराच्या पोत्यात असतो. परवा भंगारवाल्यानं मला उचलून डोक्यावर ठेवलं. त्याच्या डोक्याच्या वासाबद्दल मी बोलणार नाही, तुम्ही जेवायला बसणार असाल. त्यानं हनुवटीखाली पट्टा चाचपला, डावीकडे, मग उजवीकडे. सापडला नाही. मग त्यानं मला काढून खाली ठेवलं आणि स्वतःचं जुनं हेल्मेट शोधायला गाडीकडे गेला.