पौर्णिमेचा क्षय

सासरे पंधरा दिवस आमच्याकडे, पंधरा दिवस दिरांकडे. म्हणजे म्हणायला पंधरा. त्यांचं आयुष्य पंचांगाचं गणित करण्यात गेलं, त्यामुळे स्वतःची वाटणीही त्यांनीच करून दिली: अमावास्या संपली की आमच्याकडे, पौर्णिमा संपली की तिकडे. सूर्य उगवताना जी तिथी असेल, ती त्या दिवसाची. एखादी तिथी दोन सूर्योदय धरून बसते, मग तीच दोन दिवस. एखादी सूर्योदयानंतर लागते आणि पुढच्या सूर्योदयाआधीच संपते, तिला दिवसच मिळत नाही. तो क्षय. लग्न झालं तेव्हा मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. आता जाऊबाईंना आणि मला सगळं पाठ आहे. तिथी वाढली की बाबा जिच्याकडे, तिचं तोंड पडतं. वाईट दिसतं, पण आहे हे असं आहे.

काल कारखान्यात दिवसभर काजं-बटणं करून आले, भाजी चिरायला बसले आणि सुरी हातात असतानाच डोळा लागला. आज सुट्टी. नवरा फिरतीवर. सकाळी उठते तर बाबा बॅग भरून तयार.

"पौर्णिमेचा क्षय आहे गं. आज उजाडलं तेच प्रतिपदेला. निघतो मी."

"खरंच?" म्हटलं, आणि हसू काही लपलं नाही. अख्खा दिवस माझा! कॅलेंडरकडे बघायचीही तसदी घेतली नाही. त्यांना रिक्षात बसवलं, वर आले आणि आडवी झाले.

पाठ टेकते न टेकते तोच जाऊबाईंचा फोन. "आज पौर्णिमा. बाबा उद्याच येणार ना? आम्ही बाहेर आलोय, संध्याकाळी परतू."

"हो हो, उद्याच," म्हटलं आणि पायात चपला सरकवल्या.

दिरांच्या बंद दारासमोर, जिन्याच्या पायरीवर बाबा बसले होते. मांडीवर बॅग.

मी तडकलेच. "अहो बाबा, एवढं आयुष्य गणितात गेलं आणि साधी पौर्णिमा चुकली?"

"चुकली नाही, थाप मारली. काल सुरी हातात धरून झोपली होतीस. म्हटलं, एक दिवस सुटका करू हिची. ही मंडळी घरात नसतील हे कुठे ठाऊक होतं?"

"मला विचारायचं तरी!"

"नाही म्हणाली असतीस. आणि सकाळी हसलीस ना, बरं वाटलं. बरेच दिवस पाहिलं नव्हतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांच्या शेजारीच पायरीवर बसले. रडायचंही त्राण नव्हतं.

"बाबा, आज सूर्य उगवला तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"तुझ्याकडे."

"मग आजचा दिवस कुणाचा?"

त्यांनी बॅगेचा पट्टा खांद्याला अडकवला.

"तुझा," म्हणाले, बारीक आवाजात.

"मग चला घरी. मी झोपणार आहे, तुम्हीही झोपा. भाजीचं मग बघू."

उठताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, मी कठड्यावर. एका दमात दोघांनाही उठता आलं नाही.