इसाच्या गाण्याचं दुसरं कडवं

नेटाआत्याने चमचा कपावर वाजवला. "चला, सॉसेज रोल झाले, वाफवलेलं गोड डम्पलिंग झालं, आता खाल्लेलं गाऊन फेडा. एक गाणारा, एक गाणं. मध्ये कोणी तोंड घातलं तर भर थंडीत बाहेर उभं करीन."

खोलीत हशा पिकला. लॉखी मॅकफेलला आज ऐंशी वर्षं पूर्ण झाली होती. स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉक गावात, चढावरच्या त्याच्या घरात भरदुपारी सगळं गणगोत जमलं होतं. या घराची रीत जुनी होती. प्रत्येकाचं एकेक गाणं ठरलेलं आणि एकाचं गाणं दुसऱ्याने म्हणायचं नाही. नेटाआत्याचं खलाशाचं, पुतण्या ड्रूचं गायीचं, आणि लॉखीचं इसाचं.

इसा म्हणजे त्याची बायको. जाऊन सहा वर्षं झाली होती.

त्यांची मुलगी मॉर्व्हन खिडकीपाशी बसली होती. सकाळीच तिने आत्याला स्वयंपाकघरात गाठलं होतं. "आज काहीही करून बाबाला गायला लाव. माझ्या गाण्यातला एक शब्द जरी कोणी पुटपुटला, तरी त्याला हाकल."

"आणि तूच पुटपुटलीस तर?"

"मलाही हाकल."

इसाचं गाणं लॉखीने लग्नाआधी रचलं होतं, जहाजाच्या गोदीत पत्रे ठोकता ठोकता. कागदावर कधी उतरवलं नाही. ते काय भाड्याची पावती आहे लिहून ठेवायला, असं तो म्हणायचा. मॉर्व्हन त्याच्या मांडीवर बसून ते ऐकत मोठी झाली. एकोणिसाव्या वर्षी गिटार घेऊन ग्लासगोला गेली, तिथून लंडनला. पहिल्या अल्बमला एक गाणं कमी पडत होतं. तिने बाबाची चाल घेतली आणि शब्द आपले घातले, गाव सोडून निघालेल्या मुलीचे. गाणं देशभर गाजलं. दुकानांत, टॅक्सीत वाजू लागलं, फुटबॉलच्या मैदानावर लोक ते एका सुरात ओरडू लागले. पुढचे अल्बम आले तसे विरून गेले. आता ती लहान सभागृहांत गात असे, आणि तिथेही लोक शेवटपर्यंत थांबत ते त्या एका गाण्यासाठी.

ते गाजलं त्याच वर्षी, नववर्षाच्या मेजवानीत, लॉखीने इसाचं गाणं सुरू केलं आणि अख्ख्या खोलीने त्यावर मॉर्व्हनचे शब्द चढवले. कौतुकानेच. सगळ्यांत मोठा आवाज मॉर्व्हनचा होता. लॉखी हसला आणि खाली बसला. तेव्हापासून पाळी आली की तो म्हणायचा, घसा बसलाय. इसाला पुरून आले त्या दिवशीही त्याचा घसा बसलेलाच होता.

"लॉखी मॅकफेल!" आत्याने पुकारलं.

"अगं, माझा घसा..."

"डम्पलिंगचे तीन तुकडे गेले की त्यातून. ऊठ."

तो उठला. खुर्चीची पाठ धरून उभा राहिला.

"भोंग्याआधी ये गं इसा, फाटकापाशी उभा मी,
हात काळे, सदरा पांढरा, ओळखशील ना तरी?"

आवाज बारीक झाला होता, पण चाल तीच, मूळची, संथ. रेडिओसाठी मॉर्व्हनने ती जलद केली होती. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर तो क्षणभर थांबला तेव्हा तिला आठवलं की तिथे एक विराम होता. तो तिने काढून टाकला होता.

कोणीही साथ धरली नाही. ड्रूने तर तोंडावर हात दाबून धरला होता. लॉखीने दुसऱ्या कडव्यासाठी श्वास घेतला.

"डांबराचा वास केसांत घेऊन..."

तो थबकला. ती ओळ मॉर्व्हनची होती.

"थांबा, येतंय." ओढा ओलांडणारा माणूस मागे सरकून धाव घेतो तसा तो पहिल्या कडव्याकडे परतला आणि पुन्हा आला. पुन्हा डांबराचाच वास. तिसऱ्यांदा त्याने तोंड उघडलंच नाही. त्याने मुलीकडे पाहिलं. त्या पाहण्यात तक्रार नव्हती.

"मॉर्व्हन, पोरी, तुझं डोकं तरणं आहे. पुढे काय होतं गं?"

तिने मनात चाल धरली. प्रत्येक सुरावर तिचा स्वतःचा शब्द आधीच येऊन बसलेला होता. या कडव्याला आई लाजायची आणि हातातलं भांडी पुसायचं फडकं बाबाला फेकून मारायची. ते फडकं तिला आठवत होतं. निळ्या काठाचं.

"नाही आठवत, बाबा."

"मलाही नाही," आत्या हळूच म्हणाली. "तूच म्हणणार, लॉखी, तर आम्ही कशाला पाठ करायचं?" तिने चमचा वाजवला. "ड्रू, आण तुझी गाय."

थोड्या वेळाने मॉर्व्हन स्वयंपाकघरात कप विसळत होती. लॉखी शेजारी उभा राहून पुसत होता. बाहेर ड्रूच्या गायीवर हशा चालला होता.

"खिसा होता त्या कडव्यात," तो एकदम म्हणाला. "खिशात काहीतरी होतं."

"चावी!" ती वळली. हातातून पाणी ओघळत होतं. "घराची चावी होती ना, बाबा?"

त्याने ती चालीवर गुणगुणून पाहिली. नेमकी बसली. मग त्याने नाही म्हणून मान हलवली आणि फडकं खुंटीला अडकवलं.

"चावी तुझी, पोरी," तो म्हणाला. "तुझ्या शेवटच्या कडव्यातली."