मुलाहिजा साहेब

निजाम गेला, त्याचे हाली सिक्क्याचे नाणे गेले, पण तालुक्याच्या त्या कचेरीतून मुलाहिजा काही गेला नाही. कारकुनाने तपासलेला अर्ज वरच्या साहेबांकडे जाण्याआधी अव्वल कारकुनाने नजरेखालून घालायचा, त्याला मुलाहिजा म्हणत. दाखले ऑनलाइन झाले तेव्हा संगणकवाल्यांनी जुन्या वाटेवरचा प्रत्येक थांबा जसाच्या तसा उचलला. शिवाय मुलाहिजा हे कुण्या साहेबांचे आडनाव समजून त्या नावाने लॉगिनही उघडून दिले. ते चालवत होते अव्वल कारकून दत्तोपंत.

दाखल्याला इतके दिवस का लागतात ते शोधायला परभणीच्या जिल्हा कचेरीतून उत्तरा आली होती. मोठ्या कागदावर तिने अर्जाचा प्रवास चौकोन-चौकोन काढला आणि सहाव्या चौकोनाशी तिची पेन्सिल थांबली.

"काका, इथे तुम्ही नेमके काय करता?"

"मुलाहिजा."

"म्हणजे?"

"म्हणजे बघतो."

"कारकुनाने बघितलेलेच?"

दत्तोपंतांचा पारा चढला. कालची पोर, आणि छत्तीस वर्षांच्या नोकरीचा हिशेब विचारते! "हा चौकोन खोडायचा नाही, मॅडम. कचेरीला काही शिस्त असते."

शिस्त अशी, की मुलाहिजा फक्त गुरुवारी. गुरुवारीच का, ते त्यांच्या आधीच्या अव्वल कारकुनालाही ठाऊक नव्हते.

तेवढ्यात गावाहून आलेले एक शेतकरी, दिनकरराव, टोपी हातात घेऊन दारात उभे राहिले. "मुलाहिजा साहेब कुठं बसत्यात?"

शेजारचा कारकून फिस्सकन हसला. दत्तोपंत हसले नाहीत. "काय काम होतं?"

"लेकीचा रहिवासी दाखला, साहेब. प्रियांका नाव. नर्सिंगला नंबर लागलाय, उद्या शेवटची तारीख हाय. मोबाइलात रोज एकच दाखवायलंय, मुलाहिजा यांच्याकडे प्रलंबित. नऊ दिस झाले. साहेब आजारी-बिजारी हायेत का?"

गेला गुरुवार सुट्टीचा होता, एवढेच कारण. दत्तोपंतांनी अर्ज उघडला. तीन कागद, तिन्ही चोख. बघण्यासारखे काही नव्हतेच. बुधवार असूनही त्यांनी बटण दाबले. अर्ध्या तासात वरच्या साहेबांची सही होऊन दाखला छापून आला.

दिनकररावांनी तो कपाळाला लावला आणि हात जोडले. "तुमी होता म्हणून झालं बघा. न्हाई तर पोरीचं वरीस गेलं असतं."

आता मात्र दत्तोपंतांना राहवेना. "अहो, आभार नका मानू. मुलाहिजा म्हणजे मीच. नऊ दिवस अर्ज माझ्याकडेच पडून होता. उगाच."

दिनकरराव जराही रागावले नाहीत. "असू द्या की साहेब. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हंत्यात. तुमी तर लय लवकर केलं."

त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरे झाले असते. इतकी लाज दत्तोपंतांना उभ्या नोकरीत कधी वाटली नव्हती. दिनकरराव गेल्यावर त्यांनी उत्तराच्या हातून पेन्सिल घेतली, सहाव्या चौकोनावर फुली मारली आणि मुलाहिजा साहेबांची यादी उघडली. तीत अजून त्रेचाळीस नावे होती.