नारिंगी फिती

रोपांच्या रिकाम्या पिशव्यांच्या ढिगात हात कोपरापर्यंत खुपसून तिनं फितींचा बोळा आणखी खाली दाबला, वरून दोन कुंड्या उपड्या ठेवल्या आणि खोपटाचं दार करकरलं तशी झटकन उभी राहिली. दारात धाकटी जाऊ होती, काखेत थर्मास घेऊन.

"काय लपवताय, ताई?"

"लपवायला इथं काय सोनं पुरलंय? उंदीर शिरलाय मेला."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. धाकटीनं आपलं सहज विचारलं होतं, ती स्टुलावर बसून चहा ओतायलाही लागली होती. पण थोरलीचे कान तापले ते तापलेच.

वस्तीत सगळे तिला रोपवाली म्हणत. वस्तीच्या डोक्यावर जुनं जंगल उभं होतं. त्यातलं बी वेचून रोपं वाढवायची, उघड्या पडलेल्या उतारावर लावायची, यातच तिची निम्मी हयात गेली होती. आता त्याच जंगलातून स्कीइंगसाठी रुंद पट्टा काढायचा घाट घातला होता. मोजणीवाल्यांनी तोडायच्या झाडांना नारिंगी फिती बांधून ठेवल्या होत्या आणि कोणत्याही दिवशी करवती येणार होत्या. फिती नसतील तर मोजणी नव्यानं करावी लागेल, त्यासाठी बर्फ वितळायची वाट बघावी लागेल आणि तोवर वस्तीचा अर्ज कोर्टात सुनावणीला येईल, असा तिचा हिशेब होता. म्हणून आज सकाळी एकटीच जाऊन तिनं सापडेल ती फीत सोडून आणली होती. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. दिराला तर नाहीच. तो हिवाळ्यात गिर्यारोहकांना शिखरावर घेऊन जायचा, आणि पट्टा झाला तर चार पाहुणे जास्त येतील, चार चुली पेटतील, असं त्याचं स्पष्ट मत होतं. त्यावरून दोघांचं जेवताना वाजायचं.

धाकटीनं बाहेर पाहिलं. खिडकीला लावलेला प्लास्टिकचा कागद पांढरा झाला होता.

"धुकं उतरलं की हो. हे अजून वरच आहेत, पाहुण्यांना घेऊन."

"भावोजींना काय, वाट पाठ आहे."

"पाठ आहे खरी. पण मागं बर्फ घसरलं तेव्हापासून वरची वाट बदललीय म्हणत होते. म्हणून पहाटे जाताना जंगलभर फिती बांधत गेलेत. लाल संपल्या होत्या, तर दुकानातल्या नारिंगीच उचलल्या. मी म्हटलं, अहो, मोजणीवाल्यांच्या आणि तुमच्या एकच होतील. तर म्हणतात कसे, मी हात वर करून उंच बांधतो, मला माझी कळते."

रोपवालीनं कप खाली ठेवला. तो नीट बसला नाही, कलंडला, चहा टेबलभर पसरला. काही फिती इतक्या उंच होत्या की तिला काठीनं ओढून काढाव्या लागल्या होत्या. कुठला ताडमाड मोजणीवाला आलाय, म्हणून तिनं त्याला मनातल्या मनात शिव्याही घातल्या होत्या.

"ताई? बरं वाटत नाही का?"

"तू घरी जा. शेगडी पेटती ठेव. मी जरा वर बघून येते."

"या धुक्यात?"

"झाडांच्या कडेपर्यंतच गं."

खरं सांगायला तिनं तोंड उघडलं होतं. पण धाकटी थर्मासचं झाकण शांतपणे फिरवत होती, आणि त्या शांत तोंडाकडे तिला बघवेना. ती गेल्यावर रोपवालीनं कुंड्या बाजूला फेकल्या, फितींचा बोळा उपसून दोन्ही खिशांत कोंबला आणि निघाली.

जंगलात शिरताच धुक्यानं तिला गिळलं. हातभर पुढचं खोड तेवढं दिसायचं. त्यापलीकडे सगळं दुधाळ. फोन इथं कधी लागतच नसे. ती एका झाडाशी थांबायची, चवड्यांवर उभी राहून जमेल तितकी उंच फीत बांधायची आणि पुढचं झाड शोधायची. गाठ मात्र आपसूक रोपांचीच पडत होती, खोडाला काचू नये अशी सैल, दुहेरी. यातली कुठली झाडं दिराची आणि कुठली मोजणीवाल्यांची, ते तिला काही केल्या आठवेना. सकाळी सगळ्या फिती तिला सारख्याच वैऱ्याच्या वाटल्या होत्या.

तिला एकाच गोष्टीचं भय होतं. जंगलाच्या डाव्या अंगाला नाळ होती, कड्यातली खोल घळ. तिथं झाडं संपत, मग थोडं सपाट बर्फ दिसे. ते बर्फ छपराच्या वळचणीसारखं नुसतं पुढं आलेलं असे आणि त्याच्याखाली काहीच नसे, थेट दरी. वरून उतरणारा माणूस धुक्यात थोडा चुकला की सपाटी बघून त्या बाजूला वळणार, हे शेंबडं पोरही सांगेल. लग्न होऊन आली तेव्हा हा दीर दप्तर आपटत शाळेतून यायचा आणि आधी तिच्याकडे भाकरी मागायचा. त्याचं काही झालं तर धाकटीला काय सांगायचं? झाडं वाचवत होते म्हणून?

"भावोजी!"

आवाज दोन झाडांपलीकडेही गेला नाही. ती चालत राहिली, बांधत राहिली. बोटं बधिर झाली तेव्हा दातांनी गाठी ओढल्या. मग झाडं विरळ झाली आणि तिला हायसं वाटलं. जंगलाची वरची कड आली, म्हणजे शिखराकडून येणारा माणूस इथंच उतरणार. एका वाकड्या झाडाला तिनं लांब फीत बांधली, उरलेल्या मुठीत धरल्या आणि चांगल्या दिसाव्यात म्हणून मोकळ्या बर्फावर काही पावलं पुढं जाऊन त्या डोक्यावर हलवू लागली.

"भावोजी! इकडं!"

"दिसली!" उजवीकडून एका बाईचा आवाज आला, रडता रडता हसणारा. "फीत दिसली! अहो, ती बघा!"

रोपवालीच्या जिवात जीव आला. बर्फातून पळत येणारी पावलं तिला ऐकू आली, एकाची नाही, सगळ्यांचीच. मग धप्पकन कोणीतरी पडल्याचा आवाज झाला, आणि लगेच दिराची आरोळी.

"थांबा! बसा खाली! कोणी उठायचं नाही!"

धुक्यातून तो वाकड्या झाडापाशी आला. एक हात खोडाभोवती होता, कमरेचा दोर मागं धुक्यात ताणलेला. तो ओरडेल असं तिला वाटलं. पण त्याचा आवाज अगदी खाली आला.

"वहिनी, हलू नका."

"भावोजी, मी..."

"बोलू पण नका. नुसतं खाली बघा."

तिनं पाहिलं. ती आणि ते झाड यांच्यामध्ये बर्फावर एक बारीक काळी रेघ होती, दोऱ्याएवढी. ती तिच्या पावलांमागून निघून दोन्हीकडे धुक्यात गेली होती. रेघेतून वर वारा येत होता. ही वरची कड नव्हती. ती धुक्यात डावीकडे सरकत सरकत नाळेवर आली होती आणि तिच्या मागं सगळी झाडं फिती नेसून इकडेच बोट दाखवत उभी होती.

त्यानं दोराचं मोकळं टोक फेकलं. "काखेतून घ्या. हळू. आता आडव्या व्हा, पोटावर. या अशाच."

ती सरपटली. रेघ तिच्या छातीखालून गेली, मग पोटाखालून, मग गुडघ्यांखालून. झाडाचं मूळ हाताला लागलं तेव्हा मागं खस्स असा आवाज झाला, कोणी गादी ओढून काढावी तसा. तिनं वळून पाहिलं तर उभी होती ती जागा तिथं नव्हती. खाली पडल्याचा आवाज ऐकायला दोघांनीही श्वास रोखला होता. तो खूप उशिरा आला.

पाहुणे नवरा-बायको झाडांमध्ये बर्फात बसून होते. कडा त्यांना धुक्यामुळे दिसलाच नव्हता. पाहुणीनं रोपवालीला मिठीच मारली.

"काकू, देवासारख्या आलात! वाटेवरच्या सगळ्या फिती कुणीतरी काढून नेल्यात हो. हे एकेक झाड चाचपत आणत होते आम्हाला. कसली माणसं असतात!"

रोपवालीनं मान हलवली. दीर वाकड्या झाडाच्या फितीची गाठ बोटांनी चाचपत होता. मग त्यानं ती सोडली.

"जाताना सगळ्या सोडत जाऊ," तो कुणाकडेच न बघता म्हणाला. "आणखी कुणी इकडं यायला नको."

खाली पोचेपर्यंत तो एकेक गाठ सोडत राहिला आणि फिती तिच्या हातात देत राहिला. दारात पाहुण्यांनीच सगळी हकीकत सांगितली, आणि धाकटी रोपवालीच्या गळ्यात पडून रडली. "ताई, तुम्ही गेला नसता तर!" तो शब्द न् शब्द रोपवालीला चाबकासारखा लागला. सगळे आत शेगडीपाशी गेले. ओसरीवर ती आणि दीर उरले. तो पायरीवर बसून बुटांखाली बांधलेले बर्फावरचे खिळे सोडत होता.

"भावोजी, सकाळच्या फिती मीच..."

"गाठ ओळखली मी. रोपांना मारता तीच." तो बुटाशी झटत राहिला. "त्यांना मी थांबवलं असं वाटतंय तुम्हाला?"

"मग?"

"फीत दिसल्यावर मीही पळालो, वहिनी. त्यांच्या मागं, लहान पोरासारखा. दोर झाडाला अडकला. म्हणून आपटलो तिघं, आणि मग मला पुढचं दिसलं."

तिला बसावंसं वाटलं. ती बसली.

"कुठल्या झाडाला?" तिनं विचारलं.

"काय माहीत. वळून बघायची छाती झाली नाही." त्यानं हात पुढं केला. "द्या इकडं."

"काय?"

"फिती. मोजणीवाल्यांच्या पण. विचारत येतील ते. माझ्या सामानात सापडल्या तर वाटेच्याच समजतील, कुणी काही म्हणणार नाही."

तिनं दोन्ही खिसे उपसले. त्यानं बोळा पाठपिशवीत कोंबला, पण फुगलेल्या पिशवीचा बंद काही त्याला ओढता येईना. तिनं पिशवीचं तोंड धरून ठेवलं. आतून धाकटीनं चहाला हाक मारली, मग पुन्हा मारली. त्यानं बंद ओढून गाठ मारली.