एका शालीतला सत्कार

सभागृहाच्या दाराशी केळीचे खांब बांधले होते. त्यातल्या डावीकडच्या खांबाचं एक पान मला खटकलं. शिरांच्या मधल्या जागेत फिकट पिवळे पट्टे होते, सलग नव्हे, तुटक; आणि कड किंचित मुरडलेली. आमच्याकडचे शेतकरी याला हरण्या म्हणतात. याचा विषाणू मावा ही कीड एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते, आणि पट्टे डोळ्यांना दिसेपर्यंत बाग हातची गेलेली असते. तो रोपवाटिकेतच ओळखता यावा म्हणून मी एक चाचणी तयार केली होती. तिच्यासाठीच विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी संघाने मला जळगावला सत्काराला बोलावलं होतं.

"काय बघतेस? सजावट आवडली वाटतं," भूषण मागून म्हणाला. तो संघाचा सचिव, एम.एस्सी.ला माझ्या वर्गात होता.

"हा खांब रोगट बागेतला आहे."

"आज तरी राहू दे गं. आज तू सत्कारमूर्ती आहेस, तपासणी अधिकारी नाही."

संघाचा एक रिवाज आहे. सत्कार जोडीने करायचा. पुरुषाचा असेल तर बायकोला मंचावर बोलवायचं, बाईचा असेल तर नवऱ्याला, आणि एकच मोठी शाल दोघांच्या खांद्यांवरून पांघरायची. भूषणने फोनवर विचारलं होतं, "घरून कोण येतंय?" मी म्हटलं होतं, "आबा." त्यावर तो म्हणाला होता, "एवढंच? बरं, बघतो मी."

त्याने काय बघितलं ते पहिल्या रांगेत दिसलं. माझे वडील, झुलाल आबा, पांढरी टोपी घालून बसले होते, आणि त्यांच्या शेजारी प्रेमराज होता. माझा नवरा.

प्रेमराज अमळनेरला राहतो, मी धुळ्यात, देवपूरला. दहाएक वर्षं झाली. पूर्वी मी अमळनेरच्या घरच्या फ्रीजमध्ये पानांचे नमुने ठेवायचे, रावेरपर्यंत हिंडून जमवलेले. त्याच्या पुतण्याच्या साखरपुड्याला आम्रखंडाची पातेली ठेवायला जागा हवी होती, म्हणून त्याने नमुन्यांच्या पिशव्या उकिरड्यावर टाकल्या. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "पानंच होती ना?" एका हंगामाचं काम गेलं. मी बॅग भरली आणि निघाले.

पण घटस्फोट हा शब्द आबांनी उच्चारू दिला नाही. "मी शे तवलगून नको," ते म्हणाले, म्हणजे ते हयात असेपर्यंत नाही. मग एक सोय झाली. गृहप्रवेश, सत्यनारायण, भाच्यांची लग्नं, जिथे जोडी लागते तिथे मी जायचे, पाटावर प्रेमराजशेजारी बसायचे आणि जेवण उरकून एसटीने देवपूरला परतायचे. भाऊबंदांत सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी बोलत नव्हतं. पुढच्या वेळी जायचं नाही, असं मी परतताना दर वेळी ठरवायचे.

"तुम्ही इथे कसे?" मी प्रेमराजला विचारलं.

"भूषणरावांनी बोलावलं. तू थोडीच बोलावणार होतीस?" तो हसला. "संस्थेच्या निवडणुकीला उभा आहे मी. जोडीचा एक फोटो निघाला तर तुझं काय झिजतं?"

आबा हळूच म्हणाले, "उभी राही जाय, बेटा. घडीभरनं काम शे. बठ्ठा लोके देखी राहिनात."

"आबा, हा पाट नाही. हे माझं काम आहे."

"म्हनीसनच सांगस. लोके काय म्हनतीन?"

तोवर कार्यक्रम सुरू झाला होता.

आधी दुसऱ्या सत्कारमूर्तीचं, अभिमनचं, नाव पुकारलं. त्याने शिंदखेड्याच्या पोरांना आकाश दाखवायला शाळेच्या गच्चीवर दुर्बीण बसवली आहे. त्याची बायको दिपमाला माइक घेऊन म्हणाली, "यांना चंद्रावरचे खड्डे बरोबर दिसतात. गल्लीतले मला दाखवावे लागतात." सभागृह खळखळून हसलं. अभिमन सगळ्यांत मोठ्याने हसला. एका शालीत ते दोघे उभे होते आणि त्यात काहीही खोटं नव्हतं. मीही मनापासून टाळ्या वाजवल्या.

"डॉक्टर सौभाग्यवती रत्ना प्रेमराज भामरे," भूषण म्हणाला, "आणि त्यांच्या पाठीशी भक्कम उभे असलेले प्रेमराजभाऊ!"

मी पायऱ्या चढेपर्यंत प्रेमराज मंचावर पोचला होता. माइक त्याच्या हातात होता.

"लोक मला विचारतात, बायकोला एवढं पुढे जाऊ कसं दिलं? मी म्हटलं, जा. घर मी बघतो, तू तुझी पानं बघ."

टाळ्या झाल्या. भूषणने शाल उलगडली. एक टोक प्रेमराजच्या खांद्यावर टाकलं, दुसरं माझ्याकडे आणलं.

"ताई, थोडं जवळ सरका," फोटोग्राफर म्हणाला.

मी बाजूला झाले. शाल प्रेमराजच्या खांद्यावरून घसरून अर्धी जमिनीवर आली.

"रत्ना, अगं," भूषण कुजबुजला, "मला वाटलं, या निमित्ताने तुमचं दोघांचं जुळेल."

"तुला कुणी सांगितलं होतं जुळवायला?"

"बरं, चुकलं माझं. नंतर बोलू ना. लोक बसलेत."

"यांनी लोकांसमोरच सांगितलं. मीही लोकांसमोरच सांगते."

"तमाशा करू नकोस," प्रेमराज ओठ न हलवता म्हणाला. चेहऱ्यावर फोटोचं हसू तसंच होतं.

"करायचा असता तर तेव्हाच केला असता. माइक द्या."

त्याने दिला नाही. मी हात पुढे करून उभी राहिले. शेवटी भूषणनेच त्याच्या हातातून माइक काढून माझ्याकडे दिला.

"सत्काराबद्दल संघाची आभारी आहे," मी म्हटलं. "आता जे सांगितलं गेलं त्यात एक दुरुस्ती करते. या चाचणीसाठी जमवलेले माझे पहिले नमुने यांनी उकिरड्यावर टाकले. पुढचं सगळं काम मी देवपूरच्या भाड्याच्या खोलीत राहून केलं. त्यात यांचा वाटा नाही. आम्ही एकत्र राहत नाही. इथल्या पुष्कळांना ते माहीत आहे, तरी आज मला यांच्याबरोबर एका शालीत उभं केलं."

कुणी खोकलं. प्रेमराज मंचाच्या कडेपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. खाली उतरायचं तर सगळ्यांसमोरून जावं लागणार होतं.

मी पहिल्या रांगेकडे पाहिलं. आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. ते मान खाली घालतील असं मला वाटलं होतं. त्यांनी घातली नाही. ते सरळ माझ्याकडे बघत होते, रागाने की कशाने ते मला एवढ्या अंतरावरून ओळखता येत नव्हतं. इतकी वर्षं मी त्यांच्यासाठी थांबले होते. ते ओळखता येईपर्यंत आणखी थांबायचं नव्हतं.

"आबा," मी म्हटलं, "मी घटस्फोट घेणार आहे."