भुऱ्या कोणाचा

भुऱ्याला वाचवलं पार्वताबाईने. अमरावतीच्या वेशीबाहेर, रस्त्याला लागूनच तिचा भाजीचा मळा होता. विलायतेत कापसाचा भाव चढला आणि त्या रस्त्यावरच्या गाड्यांची रांग काही तुटेना. अशाच एका गाडीखाली ते कुत्र्याचं पिल्लू सापडलं. गाडीवान थांबलासुद्धा नाही. पार्वताबाईने वांग्यांची पाटी खाली ठेवली, पिल्लू ओच्यात घेतलं, मोडक्या पायाला कामट्या बांधल्या आणि चिंधी दुधात भिजवून त्याच्या तोंडात पिळली. ते जगायचं नाही, असं तिच्या नवऱ्याने, नत्थुजीने, सांगून टाकलं होतं. ते जगलं.

आणि पायावर उभं राहिलं तसं सुभद्रेच्या मागे गेलं.

सुभद्रा तिची धाकटी जाऊ, नुकतीच नांदायला आलेली. तिचा नवरा सहदेव मळा सोडून कापसाच्या गाड्या हाकायला लागला होता. सुभद्रेने भुऱ्यासाठी काहीच केलं नव्हतं. ती नुसती हसायची, त्याच्याबरोबर धावायची. पार्वताबाईने भाकर टाकली की भुऱ्या खायचा आणि जाऊन सुभद्रेच्या दाराशी पसरायचा. तेव्हापासून पार्वताबाई भर उन्हातलं कांद्याचं निंदण जावेच्या वाट्याला द्यायला लागली. भुऱ्याही मग उन्हातच, कांद्याच्या वाफ्यात सुभद्रेजवळ जाऊन बसला. पार्वताबाईचा जीव आणखीच जळला.

पुढे आई आजारी पडली म्हणून सुभद्रा माहेरी, अकोल्याला गेली. ती तिकडे असतानाच एका सकाळी भुऱ्या विहिरीवरच्या मोटेच्या खांबाला धडकला. मागे सरला, पुन्हा धडकला. आदल्या संध्याकाळी तो कावळ्यांमागे धावत होता. पार्वताबाईने त्याच्या डोळ्यांपुढून हात फिरवला. डोळे उघडे, स्वच्छ. पण हलले नाहीत. परतवाड्याचा एक वैद्य बाजाराला आला होता. त्याने पापण्या वर करून पाहिलं आणि नजर गेली, आता परत यायची नाही, असं सांगितलं.

तिला भुऱ्याची कीव आली. पण त्याच्या पाठोपाठ दुसरंही काही मनात आलं, आणि ते तिने कोणाला सांगितलं नाही. आता याला आपल्यावाचून कोणी नाही.

तिने विहिरीभोवती बाभळीचे काटे रचले. पाण्याचं गाडगं एकाच जागी ठेवलं, अंगणातली बाज हलवायची नाही असं नत्थुजीला बजावलं. हात लावण्याआधी ती हाक मारायची, म्हणजे तो दचकायचा नाही. हळूहळू भुऱ्या तिच्या पावलावर डोकं टेकून झोपायला लागला. सहदेव अकोल्याला निघाला तेव्हा यातलं काही सुभद्रेला सांगू नका, तिचा जीव उगाच घाबरेल, असं तिने त्याला सांगितलं.

सुभद्रा परतली ती रस्त्यावरूनच हाक मारत. भुऱ्या पार्वताबाईच्या पायाशी होता. तो उठला, बाजेला थडकला आणि शेपूट हलवत आवाजाच्या दिशेने निघाला. पार्वताबाईचं तोंड कडू झालं. एवढं करून शेवटी हेच.

पण सुभद्रेने त्याचे डोळे पाहिले आणि ती मागे सरली. भुऱ्या नाक वर करून तिला शोधत होता. ती आवाज न करता घरात शिरली. त्यानंतर ती त्याला टाळूनच वावरायला लागली. त्याला चाहूल लागू नये म्हणून तिने पायातले वाळे काढून ठेवले.

पार्वताबाईला हे कळलं, तेव्हा आधी बरं वाटलं. पण भुऱ्या सुभद्रेच्या बंद दाराशी पडून राहिला. पार्वताबाईच्या हातची भाकर त्याने हुंगली आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. मग भर दुपारी ती जावेच्या घरात गेली.

"वाळे काहून काढले?"

सुभद्रा खाली पाहत म्हणाली, "मले त्याच्याकडे पायवत नाही, बाई. तो तोंड माह्याकडे करते अन् डोळे भलतीकडेच रायते."

"तो उपाशी मरून राहिला. चाल बाहेर."

"तो तुमचा आहे. तुमीच जगवलं त्याले."

इतके दिवस पार्वताबाईला हेच कोणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. आता ऐकलं, तर त्यात काही गोडी उरली नव्हती.

"जगवलं मी," ती म्हणाली, "पण तो हुडकते तुले."

तिने सुभद्रेचा हात धरून तिला बाहेर आणलं. आधी हाक मार, मग हात हनुवटीखाली ने, डोक्यावरून एकदम नेऊ नको, असं सगळं शिकवलं. सुभद्रेने रडतरडत हाक मारली. भुऱ्याने तिच्या मांडीत डोकं खुपसलं. पार्वताबाई थांबली नाही. खुरपं घेऊन वांग्यांत गेली आणि इतक्या जोराने निंदायला लागली की तणाबरोबर दोन चांगली रोपंही कापली गेली.

भुऱ्या पुढे बरीच वर्षं जगला. झोपायचा सुभद्रेच्या दाराशी, जेवायचा पार्वताबाईच्या हातून. एखाद्या दिवशी त्याने सुभद्रेच्या हातची भाकर खाल्ली, तर पार्वताबाई दिवसभर जावेशी बोलत नसे.